सातव्या ओळीची मुरड

पाळक योसिया प्रॉथरो अमेरिकेला निघाले, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत नॅन्टग्लास गावच्या मंडळीने त्यांच्याजवळ एकूण एकेचाळीस निरोप दिले होते. गावातले दर तिसरे घर तिकडे ओहायोत जाऊन वसले होते. त्यामुळे कुणाच्या भावाला, कुणाच्या लेकाला, कुणाच्या कधीच्या काळी रुसून गेलेल्या मेव्हण्याला काही ना काही सांगायचे होतेच. पाळकांनी ते सारे निरोप अनुक्रमांक घालून एका कागदावर उतरवून घेतले, दोनदा वाचून पाहिले आणि घडी करून अंगरख्याच्या आतल्या खिशात ठेवले. बेचाळिसावा निरोप त्या कागदावर नव्हता. तो त्यांच्या बायकोचा होता.

"पत्रात तिचं नाव लिहू नका," राहेल पेटीची दोरी आवळता आवळता म्हणाली.

नाव न लिहिण्याचे कारण दोघांनाही ठाऊक होते. परदेशाहून आलेले पत्र ज्याच्या नावे येई त्याच्या एकट्याचे होत नसे. मंगळवारच्या बैठकीत ते साऱ्या मंडळीपुढे वाचले जाई. शिवाय राहेलला छापील अक्षर वाचता येत होते, रविवारच्या शाळेने तेवढे दिले होते. पण हाताने लिहिलेला मजकूर तिच्या दृष्टीने ओल्या वाळूतून पाखरू चालून जावे तसा होता. तेव्हा नवऱ्याने बायकोला लिहिलेले पत्रसुद्धा एनोक शिंप्याच्या तोंडूनच तिला ऐकावे लागणार होते. एनोक हा मंडळीचा वडील, म्हणजे तिच्या कारभारी पंचांपैकी एक. त्याचा आवाज मोठा होता आणि नियमांवर त्याचे प्रेम त्याहून मोठे होते.

"मग तुला कळायचं कसं?" पाळकांनी विचारले.

"तिला म्हणावं, चार बोटं काहीतरी वीण. ते पत्रात घालून धाडा. मी ओळखीन."

"विणकामात काय ओळखायचं असतं? टाके ते टाके."

"तुमची प्रवचनं मला सगळी सारखीच वाटतात. म्हणून काय ती सारखी असतात?"

पाळकांनी यावर उत्तर देण्यासाठी तोंड उघडले, कारण कोणतेही विधान उत्तरावाचून सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पण या वेळी पेटीची दोरी त्यांनी राहेलच्या हातातून घेतली आणि स्वतःच गाठ मारली.

नऊ वर्षांपूर्वी त्याच पाळकांनी प्रार्थनामंदिरात उभे राहून आपल्या एकुलत्या एका मुलीचे नाव सभासदांच्या वहीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला होता. ग्वेनो तेव्हा वीस वर्षांची होती आणि तिला पाचवा महिना होता. मुलाच्या बापाचे नाव ती सांगत नव्हती. अशा वेळी मंडळीचा नियम सर्वांना एकच होता, आणि पाळकाच्या मुलीला तो शिथिल केला असता तर उद्या दुसऱ्या कुणाला तो लावता आला नसता. पाळकांनी हे सारे क्रमवार मांडले. मग ते म्हणाले, "ज्यांना हे मान्य असेल त्यांनी हात वर करावा." पुरुषांच्या बाजूने हात वर झाले, बायकांच्या बाजूने झाले. राहेल पहिल्या बाकावर बसली होती. तिचाही उजवा हात वर गेला. समोर उभ्या असलेल्या ग्वेनोने आईच्या तोंडाकडे पाहिले नाही. तिने त्या हाताकडे पाहिले.

त्याच महिन्यात ग्वेनोला ओहायोला, पाळकांचा धाकटा भाऊ इव्हान याच्याकडे पाठवण्यात आले. पाळकांनी इव्हानला लिहिले होते, 'तिला घरात घे, तिला काही उणे पडू देऊ नको. परंतु पत्रांत तिचा उल्लेख करू नको, कारण ती सर्वांसमक्ष वाचली जातात.' इव्हान भावाचा शब्द मोडणारा नव्हता. नऊ वर्षांत त्याची अठरा पत्रे आली. त्यांत डुकरांची पैदास होती, नव्या मंदिराचे छप्पर होते, आणि ग्वेनो नव्हती.

*

पाळकांचे पहिले पत्र जहाजातून आले. ते कप्तानाशी झालेल्या वादाने भरलेले होते. रविवारी, विसाव्याच्या दिवशी, शिडे बदलावीत की नाही, या प्रश्नावर पाळकांनी पाच मुद्दे काढले होते आणि कप्तानाला त्यांतल्या तिसऱ्याचे उत्तर देता आले नव्हते.

"तिसरा मुद्दा परत वाच रे एनोक," मागून कुणीतरी म्हणाले.

"परत कशाला? आपल्याला कुठं जहाज हाकायचंय?" पेगी म्हातारी म्हणाली, आणि मंदिरात शोभणार नाही इतके लोक हसले. पेगीला आता जवळजवळ दिसत नव्हते. पण तिच्या जिभेला कशाचीच अडचण नव्हती. नऊ वर्षांपूर्वी ग्वेनोच्या वाढत्या पोटाबद्दल बैठकीत पहिला शब्द तिनेच काढला होता.

दुसरे पत्र ओहायोतून, जूनच्या शेवटी आले. एनोकने पाकीट फोडले तेव्हा राहेलचे डोळे त्याच्या बोटांवर होते. आतून कागद निघाला, आणखी काही निघाले नाही. कागदात एकेचाळीस निरोपांपैकी अठ्ठावीस पोचल्याचा हिशेब होता. ज्याला निरोप मिळाला त्याचे नाव, त्याची प्रकृती आणि त्याचे उत्तर, ओळीने. लोक आपापले नाव आले की रडत होते आणि दुसऱ्याचे आले की हसत होते. शेवटी पाळकांनी लिहिले होते: 'इव्हानच्या घरी ज्यांना देवाने राखले आहे ते सर्व कुशल आहेत.'

घरी आल्यावर राहेलने ओटची भाकरी ताकात मोडून घेतली आणि तशीच ठेवून दिली. ज्यांना राखले आहे ते. हे वाक्य पाळकांचे नव्हते. त्यांची वाक्ये लांब असत, पण त्यांना मागचे दार नसे. ती ते वाक्य आठवडाभर मनात उलटेपालटे करत राहिली. कधी त्याचा अर्थ काहीच नाही असा लागे, कधी ज्यांना राखले नाही ते कोण, हा प्रश्न उभा राही.

तिसरे पत्र ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी आले. पाकीट फुगलेले होते.

एनोकने ते नेहमीप्रमाणे वडिलांच्या बाकापुढे उभे राहून, कात्रीने, एका सरळ रेषेत कापले. आतून करड्या लोकरीची एक अरुंद पट्टी बाहेर लोंबली, मोजे घसरू नयेत म्हणून गुडघ्याखाली बांधतात तसली. हात पुढे करावा असे राहेलला वाटत होते. तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले.

एनोक वाचू लागला: "'सोबत एक विणलेली पट्टी धाडीत आहे. येथील लोकर आपल्या लोकरीहून मऊ, परंतु कमी टिकाऊ आहे, असे माझे मत आहे. इव्हानचे मत वेगळे आहे. ते त्याने सिद्ध केलेले नाही. तरी जाणत्या स्त्रियांनी ती हाताळून निर्णय द्यावा.'"

पाळकांनी आपल्याकडून हे फार विचारपूर्वक केले असणार. पट्टी पत्रात का, असे कुणी विचारू नये म्हणून त्यांनी तिला कारण दिले होते. नॅन्टग्लासमध्ये ते चाळीस वर्षे राहिले होते. हिवाळ्यात ज्या घरी प्रार्थनेला जात त्या घरी चुलीभोवती दहा-बारा बाया सुया चालवत बसलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या, आणि त्या सुयांची किणकिण प्रवचनाच्या मध्ये येते अशी तक्रारही एकदा केली होती. त्या बाया काय करत होत्या हे मात्र त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्या मंडळीत हाताचे लिहिलेले वाचणारी माणसे पाच होती. विणलेले वाचता येत नाही अशी बाई एकही नव्हती.

"पेगीमावशी, तुम्ही सगळ्यांत वडील. आधी तुम्ही बघा," असे म्हणून एनोकने पट्टी तिच्या मांडीवर ठेवली आणि तो पुढे वाचू लागला.

पेगीने ती बोटांत घेतली. "मऊ आहे की," ती म्हणाली. "पाळकसाहेबांच्या कानाच्या पाळीसारखी." दोघीतिघी फिस्सकन हसल्या. मग तिचा अंगठा काठावरून सरकू लागला. एक, दोन, तीन, असे तिचे ओठ हलत होते. सातावर अंगठा थांबला. मग पुन्हा सरकला, पुन्हा सातावर थांबला.

प्रत्येक घराचा काठ निराळा असे. आई लेकीला तो सुया हातात देतानाच शिकवी. राहेलच्या माहेरच्या काठाला पहिला टाका न विणता नुसता सरकवायचा असे, आणि दर सातव्या ओळीला त्याला एक मुरड द्यायची असे. का, ते कुणी विचारले नव्हते.

"अगं, हा तर राहेलचा काठ," पेगी मोठ्याने म्हणाली. मग मान हलवून, "नाही. राहेल इतकं आवळून विणत नाही. ही तर ग्वेनो!"

नऊ वर्षांत ते नाव त्या छपराखाली कुणी उच्चारले नव्हते. एनोकचा आवाज वाक्याच्या मध्ये अडखळला. राहेलने डोळे मिटून घेतले. आहे. तिची ग्वेनो आहे. तिच्या बापाने विचारले आणि तिने विणले. नाही म्हणाली नाही. त्या क्षणी राहेलला आणखी काहीही नको होते. ती तसाच श्वास धरून बसली, आणि तो श्वास तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला, कारण तसा दुसरा तिला मिळाला नाही.

पेगीचा अंगठा पुढे सरकत होता. पट्टीच्या मध्याशी आल्यावर तो थांबला. तिने तीच जागा पुन्हा चाचपली, नख लावून पाहिली, मग पुढची वीतभर पट्टी हळूहळू बोटांतून नेली. तिच्या तोंडावरचे हसू कुठे गेले ते कळले नाही. शेजारची बाई हात पुढे करून बसली होती. पेगीने पट्टी तिला दिली नाही. काठी टेकत ती उठली, बाकांना धरत धरत पुढे आली आणि पट्टी राहेलच्या मांडीवर ठेवून तिथेच, तिच्या पायांशी, फळीवर बसली.

राहेलने वाचायला सुरुवात केली.

आरंभीची वीतभर ग्वेनोची होती. आवळ, एकसारखी, कुठे टाका सुटलेला नाही. मग आडवी एक तांबूस रेघ होती. ती कशाची, हे कुणी सांगावे लागत नव्हते. पोलादी सुई टाक्यांत तशीच राहिली, एक हिवाळा राहिली, दुसरा राहिला, की ती गंजते आणि लोकरीवर आपली रेघ सोडते. लोक गाव सोडून जातात तेव्हा अर्धे काम काढून ठेवतात, सुई नेतात. बाळंतीण होतात तेव्हाही सुई काढून ठेवतात. ग्वेनोने कधी सुईवर काम टाकले नव्हते. लहानपणी जेवायला हाक मारली तर 'एवढी ओळ' म्हणून ओरडे आणि ओळ संपवूनच येई.

रेघेच्या खालची लोकर मळून, हाताळून काळवंडली होती. वरची नवी होती. आणि हात वेगळा होता. सैल, भित्रा, मध्येच एकदम घट्ट. एके ठिकाणी टाका सुटून चार ओळी खाली घरंगळला होता आणि कुणीतरी तो मोठ्या कष्टाने परत वर आणला होता. लहान हात. आठ-नऊ वर्षांचा. पण काठाला पहिला टाका सरकवलेला होता. सातव्या ओळीला मुरड होती. पुढच्या खेपेला ती चुकून आठवीला पडली होती, आणि त्यापुढे पुन्हा सातवीला. शेवटचे टाके बंद केलेले नव्हते. ते एका सुतळीवर ओवून ठेवले होते.

"'...गव्हाच्या बाबतीत,'" एनोक वाचत होता, "'इव्हानची पेरणीची पद्धत मला...'"

"एनोक, पुरे," पेगी खालून म्हणाली.

"अजून अर्धं पान आहे."

"तू वाच हवं तर. आमचं वाचून झालंय."

तेव्हा कुठे एनोकने मान वर करून पाहिले. बायकांच्या बाजूची पहिली तीन बाके रडत होती. पट्टी त्यांच्यापैकी कुणीही हातात घेतली नव्हती. पेगीचे थांबणे त्यांना पुरले होते. पुरुषांना काहीच उमगले नव्हते. ते एकमेकांकडे पाहत होते.

"ग्वेनो गेली," पेगीने त्यांना सांगितले. "दोन वर्षं तरी झाली असतील. मागं लेक आहे."

"पत्रात तर असं काही..." एनोकने कागद उलटून पाहिला.

राहेल उभी राहिली. तिचा आवाज साधा होता, दुकानात मीठ मागावे तसा. "एनोक, वहीत तिचं नाव परत लिहा."

एनोक वाईट माणूस नव्हता. त्याने कागद खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला. "पाळकीणबाई, तुम्हाला नियम ठाऊक आहे. परत यायचं तर माणसानं स्वतः इथं उभं राहावं लागतं. सगळ्यांसमोर बोलावं लागतं. मग हात वर करायचे. गेलेल्या माणसाला कसं घेणार? आज तिला घेतलं तर उद्या दुसरं कुणी येईल, परवा तिसरं. पाळकसाहेब असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं."

"हो. त्यांनी हेच सांगितलं असतं."

"तर मग?"

"तर मग मला एवढंच सांगा. तिच्या वेळी तुम्ही सगळ्यांनी हात वर केलात. मीही केला. तो आता खाली कसा करायचा?"

एनोकला नियमांची सारी कलमे पाठ होती. हे त्यांत नव्हते. बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी मेंढरे चालली होती. त्यांचे ओरडणे जवळ आले आणि दूर गेले. शेवटी त्याने खालच्या आवाजात विचारले, "पाळकसाहेबांना उत्तरात काय लिहू?"

तिला लिहिता येत नव्हते, आणि जे सांगेल ते साऱ्यांच्या देखत सांगावे लागणार होते.

"लिहा, लोकर चांगली आहे," राहेल म्हणाली. "आणि विचारा, शेवटच्या ओळी जिनं विणल्या तिचं नाव काय."

*

घरापर्यंत पेगी तिच्याबरोबर आली. म्हणजे राहेलनेच तिला हाताला धरून आणले.

"मी तेव्हा तोंड उघडलं नसतं तर..." पेगी दाराशी म्हणाली.

"तुम्ही नाही तर दुसरी कुणी बोलली असती. पोट काय लपतं, मावशी?"

"तुझा काठ सोडला नाही गं तिनं. पोरीलाही शिकवला. मनात अढी असती तर शिकवला असता का? शंभर काठ आहेत जगात."

"हाताला सवय असते," राहेल म्हणाली. "हात आपला आपण विणतो. त्यात मन नसतं."

आंधळी माणसे जशी बघतात तशी पेगी राहेलच्या दिशेने बघत राहिली आणि काठी टेकत गेली.

सकाळी चुलीत सरपण म्हणून जळणाऱ्या दलदलीच्या ढेकळांचा धूर बाहेर जावा म्हणून राहेलने दार उघडे टाकले आणि उंबऱ्याशी उजेडात बसली. सुतळीवरचे टाके तिने एकेक करून आपल्या सुईवर घेतले. नवऱ्यावर तिला राग येत नव्हता, आणि हे तिला नवल वाटले. त्यांनी ही बातमी आपल्या तोंडाने, घराच्या दाराआड सांगायची ठरवली असेल. तोवर बायकोच्या हातात लेकीचे काहीतरी असावे म्हणून ही पट्टी धाडली असेल. खोटे लिहायचे नाही आणि खरेही लिहायचे नाही, यासाठी त्यांनी परदेशात किती कागद फाडले असतील! आपण काय धाडले ते त्यांना कळलेच नव्हते. चाळीस वर्षांत या माणसाला पहिल्यांदाच काही नीट मांडता आले नव्हते, आणि तेच एवढे स्पष्ट झाले होते.

ती विणू लागली. मुलीचे नाव काय ठेवले असेल, याचा ती विचार करत होती. अॅन, हन्ना, मार्था. की तिकडचेच काही, ऐकले तरी जिभेवर न बसणारे? सैल हातावरून मूल कसे दिसत असेल याचा अंदाज येत नाही. टाका सुटला तेव्हा ते रडले असेल का, आणि तो परत वर कसा आणायचा ते त्याला कुणी दाखवले असेल, की आईने आधीच दाखवून ठेवले असेल?

मध्येच तिची नजर सुईवर गेली. सात ओळी झाल्या होत्या. सातवीला मुरड पडलेली होती. ती कधी घातली, हे तिला आठवत नव्हते.

म्हणजे काल संध्याकाळी ती पेगीला म्हणाली ते खरे होते. हात आपला आपण विणतो. ग्वेनोच्याही हाताने आपला आपणच विणले असेल. त्या काठात क्षमा शोधणे हा म्हातारपणाचा हावरेपणा. राहेलने सुया मांडीवर ठेवल्या. आणि मग, पाळकांच्या संसारात चाळीस वर्षे वाद ऐकून ऐकून तिलाही जी सवय लागली होती त्या सवयीने, ती आपल्याच मुद्द्यामागे चालत गेली. हात आपला आपण विणत असेल, तर हात आपला आपण वरही जात असेल. नऊ वर्षे ती स्वतःला हेच सांगत आली होती: सगळ्यांचे गेले म्हणून माझाही गेला, मी नेला नाही. या एका वाक्यावर तिने नऊ हिवाळे काढले होते. आता तेच वाक्य तिच्याकडे तोंड करून उभे होते. हातात मन नसते, असे म्हटले तर ती सुटत होती. पण मग ग्वेनोच्या काठातही मन नव्हते, आणि आईसाठी तिथे काहीच ठेवलेले नव्हते. आणि त्या काठात मन होते, ती मुरड ग्वेनोने जाणून घातली आणि जाणून लेकीच्या हाती दिली असे धरायचे, तर नऊ वर्षांपूर्वी वर गेलेल्या हातातही मन होते. एक घेऊन दुसरे टाकता येत नव्हते.

धूर निघून गेला, ऊन पायापर्यंत आले.

"मीच केला वर," ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कुणी नव्हते. "बघून केला, तुझ्याकडे बघून."

मग तिने सुया उचलल्या आणि आठवी ओळ सुरू केली. पहिला टाका न विणता, नुसता सरकवून. या खेपेला त्याच्याकडे नीट पाहत.